मंगळवारची डागडुजी

मंगळवारी एडिना गावातून समुद्रावर कोणी जात नाही. तो दिवस समुद्राचा स्वतःचा. होड्या बेन्या खाडीच्या काठाला वाळूवर ओढलेल्या असतात, पुरुष जाळी सांधत एकमेकांची उणीदुणी काढतात, बायका मक्याच्या पिठाची केंकी शिजवतात, आणि आराबा होड्यांच्या पोटाखाली शिरते.

त्या मंगळवारी ती एका होडीची चीर बुजवत होती. भरलेली पुट्टी सपाट बसली की नाही हे जवळून कळत नाही. चार पावलं मागं जाऊन, मान तिरकी करून पाहावं लागतं. ती तशीच मागं मागं येत होती… आणि पाठीशी काहीतरी लागलं. होडी नव्हे, झाडही नव्हे. गरम होतं.

ती गर्रकन वळली. हातातली फळी, वरच्या ताज्या पुट्टीसकट, त्या माणसाच्या छातीवर बसली.

उंच होता. अंगात नीळ घातलेला पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा. आणि त्या पांढऱ्यावर आता मधोमध करडा लपका.

"हलू नकोस," ती म्हणाली.

"बरं."

तिनं पत्र्याच्या पट्टीनं लपका खरवडायला घेतला. तो श्वास रोखून उभा. त्याला साबणाचा वास येत होता आणि तिला राळेचा, धुराचा, घामाचा. तिला उगीचच त्याची लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा राग आला.

"धुतल्यावर जाईल ना हे?" त्यानं विचारलं.

"नाही."

"घासलं तर?"

"जितकं घासशील तितकं चकाकेल."

"मग जातं तरी कशानं?"

"कात्रीनं."

तो हसला. आवाज न करता, नुसत्या खांद्यांनी. पट्टीखाली छाती हलली आणि तिचा हात घसरला.

"हलू नको म्हटलं ना."

"हलवतंय कोण?" तो म्हणाला. "मी आन्सा सुताराच्या घरच्या माणसाला शोधतोय. होड्यांची डागडुजी करणारा. पुट्टी भरतो म्हणे, ती टेमा बंदरातली, दगडासारखी होणारी. कुठं भेटेल तो?"

"तुझा शर्ट खरवडतोय तो," आराबा म्हणाली.

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग होडीकडं पाहिलं, तिच्या हातांकडं पाहिलं. बोटांच्या पेरांवर सुकलेली राळ, नखांत भुसा. तिला वाटलं, आता हा इतरांसारखाच म्हणणार—बाई?

"मी योकू," तो म्हणाला. "एशुनमामांचा भाचा. लायबेरियाच्या किनाऱ्यावरून परवाच आलो. मामांची होडी आता मी चालवणार."

"म्हणजे बुधवारचा तू." एडिनात नावावरून जन्माचा वार कळतो.

"आणि तू आराबा, म्हणजे मंगळवारची." तो गंभीर झाला. "बुधवारच्यानं कोणाच्या तरी मागोमाग चालायचं, नशिबातच लिहिलंय माझ्या. आई सांगायची, पण कोणाच्या मागं ते सांगितलं नव्हतं."

"मागं चालायचं तर चार हात लांबून चाल," ती म्हणाली. "मी उलटी चालते."

तो गेला तेव्हा शर्टावरचा डाग मधोमध तसाच राहिला होता. सबंध किनाऱ्यानं तो पाहिला. आराबानं पुन्हा फळीवर पुट्टी घेतली आणि चिरेत भरली, आणि मग बघते तर जागा काठोकाठ भरण्याऐवजी तिनं टेकाड करून ठेवलं होतं.

*

आराबाचा बाप होड्यांचा सुतार. ओडुमचं लाकूड नुसतं ठोकून ते आतून कुजलंय की धड आहे हे सांगणारा. आराबा वयात आल्यावर टेमाला मावशीकडं गेली, तिथल्या बोटीच्या कारखान्यात कामगारांसाठी स्वयंपाक करायला. स्वयंपाक करता करता तिनं दुसरंच कालवण शिकून घेतलं. दोन डबे. एकात राळ, दुसऱ्यात तिला घट्ट करणारं औषध. मापानं मिसळायचं, त्यात चाळलेला भुसा घालून शेंगदाण्याच्या लगद्याइतकं दाट करायचं. पण त्याआधी खरं काम. कुजलेलं लाकूड कोरून काढायचं, कडा तासायच्या, जागा हाडासारखी कोरडी होऊ द्यायची. ओल्यावर काही धरत नाही, पुट्टी धरत नाही आणि शब्दही धरत नाही, असं तिचा बाप म्हणे.

ती परत आली तेव्हा किनाऱ्यावर कुजबुज झाली. बाईचा हात होडीच्या तळाला लागला की मासे लांब पळतात, हे एडिनात लहान पोरंही सांगतात. पण बाप शेजारी ओंडक्यावर बसलेला असे. लोक म्हणत, हात पोरीचा असला तरी काम आन्साचंच आहे. आणि होड्या गळायच्या थांबल्या होत्या, त्यामुळं कोणी फार बोललं नाही.

मग बाप गेला. ओंडका रिकामा झाला. आता लोक काम आणत, पण चोरून. "झाडाआड कर गं," म्हणत. "मी केलं म्हणून सांग," म्हणत. आराबा एका शब्दानं उत्तर देई: "नाही." ती भर किनाऱ्यावर, भर उन्हात काम करी. ज्याला लाज वाटते त्यानं होडी परत न्यावी. काही नेत. काही मुकाट्यानं ठेवत.

सगळ्यांत मोठ्यानं बोलणारे एशुनमामा. त्यांच्या होडीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'मा वोन्का', म्हणजे बोलू दे त्यांना. आणि लोक काय बोलतील याला सगळ्या किनाऱ्यात एवढा घाबरणारा माणूस दुसरा नव्हता. त्यांच्या होडीला भोक पडलं की ते टायरचा तुकडा, त्यावर पत्रा आणि वर खिळे, असं ठिगळ मारून घेत. दर ठिगळानं चार खिळ्यांची चार नवी भोकं.

*

पुढच्या मंगळवारी योकू वल्हं घेऊन आला.

"टवका उडालाय," म्हणाला.

पुढच्या मंगळवारी बसायची फळी घेऊन आला. त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा वल्हं, दुसरं. आराबानं ते उलटसुलट करून पाहिलं, अंगठ्यानं कड चाचपली.

"हे कुठं लागलं?"

"खडकाला."

"खडकानं पटाशी वापरली वाटतं."

तो खाडीकडं बघू लागला.

"योकू, समुद्र इतकी चौकोनी भोकं पाडत नाही."

"लायबेरियाकडचा समुद्र पाडतो," तो म्हणाला. मग तिच्याकडं बघून हळूच, "…आता मी रोज वल्हं मोडू शकत नाही, आराबा. मामाकडं वल्ही संपत आलीत."

तिनं तोंड फिरवून हसू लपवलं. ते त्याला मागून, तिच्या गालाच्या कडेवरूनही दिसलं.

"नुसता यायला काय होतं?" ती म्हणाली.

त्यानंतर तो नुसता येऊ लागला. पॉलिश पेपरनं घासू लागला, पण वाईट घासे. एके ठिकाणी जोर लावी, खड्डा पाडी. एकदा तो म्हणाला, "आज मी कालवतो," आणि ती जागा पुसण्यात गुंतली असताना त्यानं दोन्ही डब्यांतलं सगळं एका खोल भांड्यात ओतलं आणि दांडक्यानं घोटू लागला. पायांत भांडं धरून, खांद्यापासून जोर लावून, चुलीवर मक्याचा बांकू घोटतात तसं. एडिनात प्रत्येकाला आई तेवढंच शिकवते.

"आराबा, हे भांडं गरम होतंय."

ती वळली. भांड्यातून धूर येत होता.

"खाली ठेव. लांब हो."

दोघं लांब उभे राहून बघत राहिले. भांड्यात दांडकं ताठ उभं राहिलं, गोळा तडकला, आणि वास असा सुटला की शेजारची जाळी सांधणारी माणसं उठून गेली.

"हे बांकू नाही," ती म्हणाली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "हे पसरट ताटलीत थोडं थोडं कालवायचं. एका जागी गोळा राहिला की आपल्याच तापानं पेटतं."

"माझंही तसंच होतं," योकू म्हणाला.

"कधी?"

"मंगळवारी."

त्यांच्यामध्ये ते भांडं धुमसत होतं. खाडीवरून वारा आला, तिच्या डोक्याच्या फडक्याचं टोक सुटलं. त्यानं ते धरलं आणि परत खोचलं नाही, नुसतं तिच्या हातात दिलं. खोचलं असतं तर ती रागावली असती. हातात दिल्यामुळं ती रात्रभर त्याच गोष्टीचा विचार करत राहिली.

*

मग मामांच्या होडीला खाडीच्या तोंडाशी खडक लागला. खरा खडक. तळाला, पुढच्या टोकापासून हातभर मागं, दोन बोटं शिरतील अशी जखम झाली. सोमवारी माणसं सबंध फेरी पाणी उपसत आली.

मंगळवारी सकाळी योकू म्हणाला, "भरशील?"

"मामांना विचारलंस?"

"तांडेल मी आहे."

"होडी त्यांची आहे."

"बुडणारी माणसं माझी आहेत," तो म्हणाला.

तिनं बादली उचलली. त्यानं झाडाआड वगैरे म्हटलं नाही, हे तिनं मनात नोंदवून ठेवलं. होडी सगळ्यांच्या मधोमध, उन्हात आडवी केली. तिनं मामांचं जुनं ठिगळ उचकटलं, कुजलेलं लाकूड कोरलं, कडा तासल्या, मग पेटत्या कोळशाची शेगडी जवळ ठेवून जागा सुकवली. दुपार चढेपर्यंत नुसती वाट पाहिली. मग पहिला थर कालवला, आणि ताटली हातात घेऊन खाली बसली तोच मामा आले.

लांबूनच ओरडत आले. पाठोपाठ अर्धा किनारा.

"ऊठ तिथून. आन्साची पोर असशील नाहीतर राजाची. माझ्या होडीच्या तळाला बाईचा हात? उद्या एक मासा लागला नाही तर कोण भरून देणार? ऊठ म्हणतो."

आराबानं वर पाहिलं नाही. ती पट्टीनं पुट्टी खोल दाबत होती, कोपऱ्यात हवा राहू नये म्हणून.

"मामा," ती म्हणाली, "शिव्या थांबतात, पुट्टी थांबत नाही. एवढं भरून होऊ द्या. मग बसते मी समोर, निवांत द्या."

कोणीतरी खुदकन हसलं. मामा भाच्याकडं वळले.

"तू बघत उभा आहेस?"

"नाही मामा," योकू म्हणाला. "मी शेगडीवर लक्ष ठेवतोय."

मामांच्या तोंडाला फेस आला. पण अर्धवट भरलेली होडी कोणी ओढून नेत नाही, एवढं त्यांनाही कळत होतं. ते तिथंच उभे राहिले आणि बोलत राहिले. आराबानं पहिला थर भरला, तो धरू दिला, दुसरा भरला, किंचित उंच ठेवला. संध्याकाळी घासून सपाट केला, वर रंगाचा हात दिला. मग नेसूच्या कापडाला हात पुसून ती खरोखरच मामांसमोर वाळूवर बसली.

"हं. द्या आता."

मामांचा घसा तोवर बसला होता.

बुधवारी होडी गेली. गुरुवारी सकाळी परत आली ती इतकी खाली दबून की आधी लोकांना वाटलं, बुडतेय. हेरिंग मासळीनं काठोकाठ भरली होती. आणि आत पाण्याचा थेंब नव्हता. बायका टोपल्या घेऊन कंबरभर पाण्यात धावल्या. मामा किनाऱ्यावर हात मागं बांधून उभे होते, आणि त्यांना ना हसता येत होतं ना रागावता.

*

रविवारी चर्चमधून येताना योकूनं तिला पुलावर गाठलं. खाली खाडीत होड्या एकमेकींना टेकून डुलत होत्या.

"मामा तयार झाले," तो म्हणाला.

"कशाला?"

"तुमचं दार ठोठावून तुला मागायला. येत्या मंगळवारी, पेयाची बाटली घेऊन."

तिचे पाय थांबले. मागून येणाऱ्या केंकीवालीनं शिव्या घातल्या, ती कडेला झाली. कठड्याला हात लावला तर तो उन्हानं तापलेला होता, आणि ते तिला बराच वेळ कळलंच नाही.

"खरं?" ती म्हणाली. आणि मग, कारण तो हसत नव्हता, "…पण?"

"पण काही नाही."

"योकू."

"ते म्हणतात, घरची सून झाली की होड्यांचं काम बंद. बाजारात बसेल, मासे विकेल, चार बायकांसारखी." तो भरभर बोलू लागला. "ऐक. त्या दिवशी फक्त हो म्हण. म्हाताऱ्यांचं समाधान. मग घरात आलीस की हळूहळू बघू आपण. हळूहळू सगळं…"

"हळूहळू फक्त लाकूड कुजतं," आराबा म्हणाली.

त्यानं खाली होड्यांकडं पाहिलं.

"माझ्या बापानं शिकवलेलं आणि मी टेमाला जाऊन मिळवलेलं. हे मी चोरून करणार नाही म्हणून किनाऱ्यावरच्या सगळ्यांशी भांडले. आणि तुझ्या घरात येऊन चोरून करू?"

"मामाची होडी उद्या माझी होणार आहे, आराबा. आपल्यात बापाचं पोराला जात नाही, मामाचं भाच्याला जातं. त्यांना तोडून बोललो तर माझ्याकडं एक वल्हंही उरत नाही."

"मोडायलासुद्धा," ती म्हणाली. ती हसवायला गेली होती, पण आवाज फाटला. "मला तू हवास. हे मी तुला सांगते, कारण दुसरं कोणी तुला सांगणार नाही. पण मला तू माझ्या हातांच्या बदल्यात नकोस."

ती पुलावरून उतरली. मागं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थांबली असती.

घरी तिची आई मान्सा धुराच्या भट्टीवर मासे उलटत होती. सगळं ऐकून घेतलं आणि धुरात डोळे चोळत म्हणाली, "येऊ दे त्यांना. दार वाजलं की उघडायचं, ही आपली रीत. पेय घ्यायचं की नाही, ही पण आपलीच रीत. तिसरं कोणी मध्ये नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी तुला बोल लावणार नाही. पण रडशील तेव्हा माझ्याजवळ रड, होडीखाली जाऊन रडू नको. ओल्यावर पुट्टी धरत नाही म्हणतेस ना तूच."

*

मंगळवारी दुपारी दार वाजलं.

अंगणात आंब्याच्या सावलीत दोन्ही घरची माणसं समोरासमोर बसली. आराबाच्या बाजूनं घरातले सगळ्यांत म्हातारे, ओतूआजोबा. त्यांचे कान कमी झालेले, पण मान जराही कमी झालेली नव्हती. समोर एशुनमामा, खांद्यावरून भारी कापड घेतलेलं, पुढ्यात हिरवी बाटली. योकू सगळ्यांत मागं, दाराजवळ. दार ठोठावायच्या दिवशी नवऱ्या मुलानं बोलायचं नसतं. त्याच्यासाठी मोठे बोलतात, त्यानं फक्त नीट बसायचं असतं. आज तो नीटही बसला नव्हता.

"तुमच्या अंगणात एक फूल दिसलं," मामांनी रीतीप्रमाणं सुरुवात केली. "ते आम्हाला न्यावंसं वाटतं."

"कसलं फूल? आमच्या अंगणात तर मासे वाळतात," मान्सा म्हणाली. सगळे हसले. हेही रीतीतलंच.

मग मामांनी घसा साफ केला आणि अट सांगितली. लग्नानंतर होड्यांना हात नाही, पुट्टी नाही, किनाऱ्यावर पुरुषांत बसणं नाही. ती घरात राहील, मान मिळेल, कशाला कमी पडणार नाही.

हसणं थांबलं. ओतूआजोबांनी आराबाला पुढं बोलावलं. मुलीला तीनदा विचारतात.

"आराबा, हे पेय घेऊ का?"

"नाही," आराबा म्हणाली.

कोणाच्या तरी हातातला पंखा थांबला. ओतूआजोबांनी कानामागं हात धरला. "काय म्हणाली?"

"नाही म्हणाली," मान्सानं सांगितलं, मोठ्यानं, भट्टीवरच्या बायकांना ऐकू जाईल असं.

"हं." म्हाताऱ्यानं मान हलवली. "दुसऱ्यांदा विचारतो. हे पेय घेऊ का?"

आराबानं दाराकडं पाहिलं. योकू मान खाली घालून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये. तिला वाटलं, हा आता मान वर करणारच नाही, आणि मी उद्यापासून त्या पुलावरून जाणार नाही.

"नाही," ती म्हणाली. "आणि तिसऱ्यांदाही विचारा आजोबा, म्हणजे मामांना परत यायला नको."

"तिसऱ्यांदा—" ओतूआजोबा सुरू झाले.

योकू उठला. कोणाकडं न बघता दारातून बाहेर गेला. दार आपटलं नाही, नीट लावून घेतलं.

"बघा," मामा म्हणाले. "पोराचा अपमान झाला. गेला बिचारा."

आराबा उभीच होती. बसावं की आत जावं, तिला कळेना. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. ओतूआजोबा तिसरा प्रश्न तोंडात धरून बसले होते. आपण विचारला की नाही हे त्यांना आठवत नव्हतं.

मग दार वाजलं.

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. जे यायचे ते सगळे आत होते.

"कोण आहे?" ओतूआजोबा म्हणाले.

"योकू," बाहेरून आवाज आला. दम लागलेला.

"कोणाबरोबर आलास?"

"एकटा."

"तुझ्या वतीनं बोलणार कोण?"

"मीच बोलतो, आजोबा."

"असं कधी झालेलं नाही," मामा उसळले. "नवरामुलगा स्वतःचं दार स्वतः ठोठावतो? ही काय रीत?"

"दार वाजलं की उघडायचं, ही रीत," मान्सा म्हणाली आणि उठून तिनं दार उघडलं.

योकू उंबऱ्यात उभा होता. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. हातात औषधाची जुनी बाटली, बुचाऐवजी कागदाचा बोळा. आत अक्पेतेशी, गावची हातभट्टी. तो आत आला, मामांच्या हिरव्या बाटलीला वळसा घालून ओतूआजोबांसमोर गुडघ्यावर बसला आणि ती बाटली ठेवली.

म्हाताऱ्यानं वास घेतला, डोळे मिचकावले. "ही?"

"मामांच्या पिशवीतली नाही, एवढंच तिचं चांगलं आहे," योकू म्हणाला. "माझी आहे. त्यांच्या बाटलीबरोबर त्यांची अट आली. हिच्याबरोबर काही नाही."

"ही बाटली उचलली नाहीस," मामा म्हणाले, आणि या खेपेला ते ओरडले नाहीत, "तर ती होडी तुझी नव्हे. आत्ताही नव्हे आणि मी गेल्यावरही नव्हे. सगळ्यांसमोर सांगतो."

योकूचा चेहरा उतरला. आराबाला तो दिसला, खरा उतरलेला. त्यानं ती होडी चालवण्यासाठी किनाऱ्यामागून किनारे सोडून परत यायचं कबूल केलं होतं. क्षणभर तिला वाटलं की म्हणावं, नको, एवढं नको…

"ऐकलं मामा," तो म्हणाला. "उद्या दुसऱ्या कोणाच्या होडीत वल्हं मारीन. तुमच्या होडीच्या तळाची भरलेली जागा चांगली आहे, तिच्यावर पत्रा ठोकू नका."

मामांनी आपली हिरवी बाटली उचलली, कापड सावरलं आणि निघाले. दारात थांबतील असं वाटलं. थांबले नाहीत. त्यांच्यामागून दोघंतिघं उठले. बाकीचे बसून राहिले, कारण पुढं काय होतं ते त्यांना पाहायचं होतं.

योकू आराबाकडं वळला. सगळ्यांसमोर, आंब्याखाली, जिथं त्यानं बोलायचंच नव्हतं.

"पुलावर मी चुकीचं बोललो," तो म्हणाला. "हळूहळू नको. आज. तू होड्या भरशील, भर किनाऱ्यावर, जोवर तुला भरायच्या असतील तोवर. माझं तुझ्यावर प्रेम आहे… हे त्या दिवशी म्हणायचं राहिलं."

ओतूआजोबांनी घसा खाकरला. "एडिनात पहिल्यांदाच असं होतंय," ते म्हणाले, "आणि मी आहे म्हणून होतंय. नाहीतर इतरांनी हाकललं असतं. आराबा, हे पेय घेऊ का?"

"घ्या."

"दुसऱ्यांदा विचारतो. घेऊ का?"

"घ्या, आजोबा."

"तिसऱ्यांदा—"

"थांबा," आराबा म्हणाली.

योकूच्या कपाळावरचा घाम ओघळून भुवईत आला. त्यानं पुसला नाही. ती त्याच्याकडं बघत राहिली. मला दोन दिवस जाळलंस, आता तू दोन घटका जळ, असं तिच्या नजरेत सरळ लिहिलेलं होतं आणि ते त्यानं वाचलं. मग तिच्या ओठांची कड हलली.

"घ्या," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं कागदाचा बोळा काढला, थोडी जमिनीवर सांडली, पूर्वजांसाठी, आणि एक घोट घेतला. इतका खोकला आला की मान्साला त्यांची पाठ चोळावी लागली. सगळे एकदम बोलू लागले, आणि त्या गलक्यात आराबा दारापाशी गेली.

"चल," ती योकूला म्हणाली.

"कुठं?"

"किनाऱ्यावर. तुला उद्या होडी शोधायचीय ना? सगळे तांडेल आत्ता तिथंच आहेत."

"मामा माझ्याआधी पोचले असतील. सांगत असतील सगळ्यांना."

"मग तर आत्ताच जायला हवं."

गल्लीच्या टोकाशी वाळू सुरू होते. तिथून किनारा एका नजरेत दिसतो. पसरलेली जाळी, उलट्या पडलेल्या होड्या, आणि मधोमध हातवारे करणारे मामा. तिथं आराबानं योकूचा हात धरला. एडिनात दिवसाढवळ्या कोणी असा हात धरून चालत नाही, लग्न झालेलेही नाहीत. त्याचा हात दचकला आणि मग त्यानं तिची बोटं घट्ट धरली, राळेनं खरखरीत झालेली.

एकेक सुई थांबली. एकेक मान वर झाली. मामांचे हातवारे हवेतच राहिले.

दुसरा कुठला वार असता तर अर्धा गाव समुद्रावर असता. आज मंगळवार होता. सगळे किनाऱ्यावर होते, आणि तिला तेच हवं होतं.